आधी गोळी, मग बॅरल

लांब पल्ल्याची रायफल स्वतःसाठी बनवून घ्यायची आहे, असं रेंजवर नुसतं बोललं तरी समोरून पहिला प्रश्न येतो : काडतूस कुठलं? मग ६ क्रीडमूर, ६ डॅशर, ६ जीटी, २२३ रेमिंग्टन अशी नावांची माळ लागते. ज्याच्या हातात जी रायफल, तिच्याच काडतुसाची तो शिफारस करतो. ॲरिझोनात बरीच वर्षं हा छंद केल्यावर माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आधी विचारायचं ते गोळीबद्दल. कोणती गोळी, किती अंतरावर? त्यानंतर, वर्षभरात आपण किती बार काढणार? या दोन्हींची खरी उत्तरं स्वतःला दिली की काडतूस आणि बॅरल ठरवायला फारसं काही उरत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लहानसं मशीन शॉप होतं, त्यामुळे लेथ, चक, डायल, रीमर हे शब्द पाढ्यांच्या बरोबरीनेच कानावर पडले. नेमबाजीची गोडी लागली ती एनसीसीत. पंचवीस मीटरवरचं लक्ष्य, जमिनीवर पालथं पडून .२२ च्या रायफलीने मोजक्या गोळ्या, आणि त्या सगळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात अशी धडपड. आमच्या जिल्ह्याने पुढे तेजस्विनी सावंतसारखी नेमबाज दिली, २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ती जगज्जेती झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या दिवशी इथे मध्यरात्री जागून आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. ही सगळी .२२ ची माणसं. लहान भोकाच्या रायफलीबद्दल माझ्या मनात आदर आहे तो तेव्हापासून.

अमेरिकेत आल्या आल्या रायफल हातात आली, असं मात्र झालं नाही. एच-वन-बीसारख्या कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे ठरावीक अपवाद सोडता, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ती सगळी वर्षं मी रेंजवर फक्त बघायला आणि निकाल लिहायला जायचो. ग्रीन कार्ड आल्यावर परवानाधारक दुकानदाराकडे ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि पहिली ॲक्शन घेतली. ॲक्शन म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग, आणि इथे कायद्याच्या दृष्टीने रायफल म्हणजे ती ॲक्शन. सिरियल नंबर तिच्यावर असतो, नोंद तिची होते. बॅरल, दस्ता, दुर्बीण हे सुटे भाग. म्हणून ॲक्शन तीच ठेवून माणूस आयुष्यभर बॅरल बदलत राहू शकतो.

मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘अहो, तुम्ही आणि बंदूक?’ विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे. या देशात शाळांमध्ये, दुकानांमध्ये गोळीबार होतात, आणि त्या बातम्या आम्हीही आमच्या मुलांना जवळ घेऊनच ऐकल्या आहेत. घरात रायफल आणण्याआधी बायकोशी फार लांबलचक बोलणं झालं. तिच्या अटी योग्य होत्या आणि त्या आजही तशाच पाळल्या जातात. रायफल तिजोरीत, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या जागी. रेंजवर चेंबरमध्ये पिवळ्या प्लास्टिकची पट्टी घातल्याशिवाय रायफल पिशवीतून बाहेर निघत नाही, आणि लक्ष्यांकडे माणसं गेलेली असताना तिला कुणी बोटही लावत नाही. माझ्या लेखी ही शिस्त नेमाच्या आधीची पायरी आहे.

ज्या गनस्मिथकडे मी पहिली रायफल बनवायला दिली ते तेव्हाच सत्तरीला आलेले होते. मी तयारी करून गेलो होतो. वही, आलेख, वेगांची कोष्टकं सगळं बरोबर होतं.

‘काडतुसाचं राहू द्या,’ ते म्हणाले. ‘गोळी कुठली मारणार?’

मी सांगितलं, ६ मिलिमीटरची, १०५ ग्रेनच्या आसपासची, लांब निमुळती.

‘वर्षाला किती?’

‘सराव धरून हजार-बाराशे.’

‘मग दर वर्षी माझ्याकडे यायचं की दोन वर्षांनी, एवढंच ठरवायचं राहिलं.’

माझी वही त्यांनी उघडलीच नाही. त्या पाच मिनिटांत ज्या गोष्टी उलगडल्या, त्या मी पुढे अनेक नवशिक्यांना समजावून सांगत आलो आहे.

गोळी आधी, याचं कारण पीळ. बॅरलच्या आतल्या खाचा गोळीला फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे गोळी हवेत टोक पुढे ठेवून जाते. आठ इंचांत एक फेरा म्हणजे एकास आठचा पीळ. सेकंदाला २९०० फूट वेगाने निघालेली गोळी या पिळामुळे मिनिटाला अडीच लाखांहून जास्त फेऱ्यांच्या गतीने फिरत असते. किती पीळ लागेल हे ठरतं मुख्यतः गोळीच्या लांबीवरून, वजनावरून नव्हे. हे गणित वूलिचच्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये तोफगोळ्यांसाठी मांडलं, आणि त्याची सुधारलेली रूपं आजही वापरात आहेत. गोळी जितकी लांब आणि निमुळती, तितकी ती वारा कापत जाते. पण तितकाच घट्ट पीळही मागते. पीळ कमी पडला तर ती हेलकावते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, किल्लीच्या छिद्रासारखी फट पाडते.

याची सगळ्यात बोलकी गोष्ट १९५५ सालची आहे. त्या वर्षी विंचेस्टरने २४३ आणि रेमिंग्टनने २४४ अशी दोन ६ मिलिमीटरची काडतुसं बाजारात आणली. रेमिंग्टनचं काडतूस ताकदीला तसूभरही कमी नव्हतं. पण विंचेस्टरने पीळ ठेवला एकास दहा, रेमिंग्टनने एकास बारा. रेमिंग्टनच्या डोळ्यांसमोर लहान प्राण्यांसाठीची हलकी गोळी होती, गिऱ्हाइकाला मात्र हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती, आणि बाराच्या पिळात ती नीट जाईल याचा भरवसा नव्हता. २४३ आजही जगभर विकलं जातं. २४४ ला १९६३ मध्ये ६ एमएम रेमिंग्टन हे नवं नाव आणि एकास नऊचा पीळ देऊन पुन्हा आणावं लागलं, पण तोवर बाजार गेला होता. दोन्ही नावांखाली पितळी केस तीच, दारू तीच, फरक होता तो खाचांच्या वळणात.

आता बारांच्या हिशोबाकडे येतो. लहान भोकाचं काडतूस निवडणाऱ्याने हा हिशोब टाळला तर दोष नशिबाला देऊ नये. ६ बीआर या आखूड, जाड काडतुसात साधारण ३० ग्रेन दारू मावते. ६ क्रीडमूरमध्ये ४० च्या वर. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त.) दोन्हींना बाहेर पडायचं भोक मात्र तेवढंच, ६ मिलिमीटरचं. जास्तीची दारू त्याच चिंचोळ्या गळ्यातून जळत जाते, आणि चेंबरच्या तोंडाशी, जिथे खाचा सुरू होतात तिथलं पोलाद आधी झिजतं. ६ क्रीडमूरचं बॅरल दीड हजार बारांच्या आसपास थकायला लागतं, बीआरचं अडीच हजारांपर्यंत सहज जातं, आणि ३०८ विंचेस्टरचं पाच हजारांच्या पुढेही टिकतं. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. बार किती भराभर काढले, बॅरल किती तापू दिलं, यावर ते बरेच हलतात.

आमच्या क्लबातल्या एका उत्साही गृहस्थांनी ६ मिलिमीटरची गोळी आणि तिच्यामागे भली मोठी केस अशी रायफल बनवून घेतली होती. वेग डोळे दिपवणारा. उन्हाळ्यातल्या सराव-स्पर्धांत ते जिंकतच होते. हिवाळ्यातली मोठी स्पर्धा आली आणि त्यांच्या गोळ्या विनाकारण वर-खाली पडायला लागल्या. आम्ही बोअरस्कोप, म्हणजे बॅरलच्या आत पाहायचा बारीक कॅमेरा, आत घातला. गळ्यापाशी गुळगुळीत पोलादाचा मागमूस नव्हता, एप्रिल-मेमध्ये काळी रानं भेगाळतात तशी जाळी सगळीकडे पसरलेली होती आणि खाचांच्या कडा पहिल्या दोन-तीन इंचांत नाहीशा झाल्या होत्या. ते काही बोलले नाहीत. बोअरस्कोपचा छोटा पडदा हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. बॅरल बनवून यायला तेव्हा काही महिने लागत, त्यामुळे त्यांचा तो हंगाम तिथेच संपला.

एवढी किंमत देऊन मिळतं काय? त्याच गोळीला सेकंदाला सुमारे दोनशे फूट जास्त वेग. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर बीआरची गोळी सहा फुटांच्या आसपास वाहते. जास्त वेगाने त्यातले आठ-एक इंच वाचतात. पण वारा दोन मैलांनी चुकीचा वाचला, तर चौदा-पंधरा इंच जातात. एफ-क्लासच्या, म्हणजे रायफल टेकवून दुर्बिणीने खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या, लक्ष्यावर हजार यार्डांना दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं आहे आणि त्यातला एक्स पाच इंचांचा. म्हणजे दारू वाढवून जे कमावलं ते डोळ्यांनी वारा वाचताना एका क्षणात गमावता येतं. वारा वाचायला शिकायचं तर बार काढावे लागतात, आणि बार काढायला बॅरल शिल्लक असावं लागतं. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. बीआर.

लहान भोकाचा दुसरा मोठा गुण म्हणजे धक्का कमी. ३०८ चा बार निघाला की दुर्बिणीतलं चित्र हलतं आणि डोळा पुन्हा लक्ष्यावर येईपर्यंत गोळी पोचलेली असते. बीआरमध्ये चित्र जवळजवळ जागेवर राहतं. हजार यार्ड जायला गोळीला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्या वेळात झळांमधून जाणारी तिची रेघ कधी कधी दिसतेसुद्धा. स्वतःची गोळी कुठे गेली हे स्वतः पाहणारा नेमबाज दुसऱ्याने सांगितल्यावर ऐकणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. २०१२ पासून इथे प्रिसिजन रायफल सीरिजच्या स्पर्धा होतात. त्यांत वेगाला सेकंदाला ३२०० फुटांची मर्यादा आहे, आणि तिथे आज ६ मिलिमीटरचं राज्य आहे, ते मुख्यतः या कारणाने.

६.५ क्रीडमूरबद्दलही दोन शब्द, कारण ते अतिशय लोकप्रिय आहे. हॉर्नाडीने ते २००७ मध्ये आणलं. ज्यांना दुकानातली तयार काडतुसं वापरायची आहेत आणि बॅरल दोन-तीन हजार बार टिकावं असं वाटतं, त्यांना मी आजही तेच सुचवतो. नाव आलं आहे न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवरून. १८७४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे अमेरिकेच्या संघाने आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ असं तीन गुणांनी हरवलं आणि या देशात लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड पसरलं. ती जागा आता क्वीन्समध्ये येते, आणि तिथे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. आजूबाजूला भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तिथे राहणाऱ्या माझ्या नातेवाइकांना हा इतिहास मी सांगितला तेव्हा पहिल्यांदाच कळला.

माझ्या बीआरचं पहिलं बॅरल विस्कॉन्सिनहून आलं. खाचा कापून पाडलेलं, ४१६आर स्टेनलेसचं, पीळ एकास आठ, लांबी २८ इंच. अशा बॅरलांत खाचा पाडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत कार्बाइडचं बटण दाबून भोकातून ओढतात आणि सगळ्या खाचा एकाच वेळी उमटतात. दुसरीत एकच बारीक टूल पुन्हा पुन्हा फिरवून कणाकणाने पोलाद काढतात. बटणाच्या बॅरलांनीही ढिगाने विक्रम केले आहेत. मी कापलेलं घेतलं, कारण त्यात पोलादावर ताण येत नाही आणि पिळाचा आकडा सांगू तो मिळतो. कुठल्या पद्धतीने पाडलं यापेक्षा भोक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं आहे की नाही, याला जास्त महत्त्व आहे, हे मात्र गनस्मिथ पुन्हा पुन्हा सांगत.

चेंबर कापायच्या दिवशी त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं. मशीन शॉपमध्ये वाढलो आहे हे त्यांना माहीत होतं. बॅरल चार जबड्यांच्या चकमध्ये धरलं आणि डायलची लांब सुई भोकात थेट खाचांवर टेकवली. हाताने चक फिरवायचा, डायल बघायची, एक जबडा केसभर सैल, समोरचा केसभर घट्ट. आमच्याकडे एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग जमला की काम पुढे सरकायचं. इथे थाऊच्या दहाव्या भागासाठी अर्धा तास गेला. बॅरलचं भोक कधीही पूर्ण सरळ नसतं, लांब भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटतंच, म्हणून गोळी जिथून खाचांत शिरते नेमकी ती जागा मध्यावर आणायची असते. बॅरलचा बाहेरचा भाग फिरताना थोडा हलत राहिला तरी चालतो. मग आटे पाडले, आणि रीमर अगदी संथ गतीने आत. थोडं कापायचं, बाहेर काढायचं, कीस पुसायचा, तेल लावायचं, पुन्हा आत. शेवटी गो गेजवर बोल्ट बंद झाला, नो-गोवर अडला. उद्यमनगरात प्लग गेज घेऊन बसलेले आमचे जुने कारागीर डोळ्यांसमोर आले. त्यांच्यापैकी कुणीही हे काम पहिल्याच दिवशी समजून घेतलं असतं.

दुसरी रायफल २२३ ची. हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायला आवडतं. एफ-क्लासच्या एफ-टीआर प्रकारात दोनच काडतुसं चालतात, २२३ रेमिंग्टन आणि ३०८ विंचेस्टर. बहुतेक जण ३०८ घेतात. मी एकास सातच्या पिळाचं बॅरल आणि ८० ग्रेनची गोळी घेतली. सराव स्वस्तात होतो आणि बॅरल चार-पाच हजार बार साथ देतं. हजार यार्डांवर ही गोळी दहा मैलांच्या वाऱ्यात आठ फुटांच्या आसपास वाहते, म्हणजे वाऱ्याची प्रत्येक झुळूक तुमच्याकडून वसूल करते.

स्पर्धेत आळीपाळीने सगळ्यांना पिटमध्ये जावं लागतं. मातीच्या बांधाआड उभं राहायचं, डोक्यावरच्या लक्ष्यातून गोळी गेली की ते खाली ओढायचं, भोकात रंगीत चकती खोचायची आणि लक्ष्य पुन्हा वर सोडायचं. ३०८ ची गोळी वरून गेली की कडाड आवाज येतो. २२३ ची हजार यार्डांवर येईपर्यंत इतकी मंदावलेली असते की कधी कधी कागद फाटल्याचा हलका टक् एवढंच ऐकू येतं, आणि भोक शोधावं लागतं. पिटमधले लोक कुरकुरतात. पण लहान भोक नेमकं कुठल्या रेषेला टेकलंय, हे जवळून बघताना वाऱ्याचं जे ज्ञान होतं, ते फायरिंग लाइनवर मिळत नाही. एकाच निशाण्यावरच्या वीस भोकांची मांडणी बघून त्या माणसाने कुठे वारा पकडला आणि कुठे झेंड्याने त्याला फसवलं, हे वाचता येतं.

फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी रेंज आहे, राज्याच्या वन्यजीव विभागाची. दर फेब्रुवारीत तिथे बर्गर साउथवेस्ट नॅशनल्स होतात. सकाळी झेंडे लोंबत असतात आणि झळा सरळ वर उकळतात. ही सगळ्यात फसवी वेळ. वारा नाही असं वाटतं, पण तो बाजू बदलत असतो. दहाच्या सुमारास झळा एका बाजूला कलतात, वाहायला लागतात आणि काम उलट सोपं होतं, कारण वारा दिसतो. २२३ घेऊन त्या सकाळच्या वेळेत जे बार काढले, त्यांनी मला बीआर चालवायला शिकवलं. नवीन माणसाने पहिली लांब पल्ल्याची रायफल २२३ चीच घ्यावी, असं मी म्हणतो. मोठं काडतूस वाऱ्यातल्या चुका झाकून टाकतं, आणि झाकलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात बीआरचं बॅरल थकलं. वेग पडला, गोळी खाचांपर्यंत पोचवायला केसमधून पुढे पुढे काढावी लागत होती. गळा पुढे सरकल्याची ही खूण. या वेळी काडतुसाचा प्रश्न आलाच नाही. ६ मिलिमीटरमध्ये आता आणखी लांब, ११० ग्रेनच्या आसपासच्या गोळ्या मिळतात आणि मला त्या वापरायच्या आहेत, म्हणून पीळ एकास साडेसात मागितला. घट्ट पिळात पातळ आवरणाची गोळी फार वेगाने सोडली तर हवेत फुटण्याची भीती असते, पण बीआरच्या वेगाला ती नाही. रीमर तोच जुना, फक्त गळा थोडा लांब हवा. किती लांब, हे आकड्यात लिहून पाठवण्यापेक्षा मी एक डमी काडतूस बनवलं. प्रायमर नाही, दारू नाही, नुसती पितळी केस आणि तिच्यात मला हवी तेवढीच बसवलेली ती गोळी. ते छोट्या डबीत घालून गनस्मिथकडे पाठवून दिलं आहे. बॅरल आलं की त्या गोळीच्या मापाने ते चेंबर कापतील.